रॅटच्या पाठीत करक्युमिन टोचायचंय, एथिक्स कमिटीने अडवलंय. मार्गदर्शन हवंय

फार्मसीवाला_नगर

नमस्कार मंडळी, एम फार्म सेकंड इयरला आहे, फार्माकॉलॉजी. प्रोजेक्ट नसेच्या दुखण्यावर आहे म्हणजे न्यूरोपॅथिक पेन. विस्टार रॅटच्या मांडीतल्या सायटिक नसेला चार सैल टाके बांधायचे (सीसीआय मॉडेल), दोन आठवडे थांबायचं आणि मग करक्युमिन (हळदीतलं द्रव्य) इंट्राथिकल द्यायचं, म्हणजे थेट मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात, आणि मग व्हॉन फ्रेच्या तारा तळपायाला टोचून बघायचं की पाय उचलतो का नाही. असा साधा सरळ प्लॅन.

गेल्या आठवड्यात कॉलेजच्या अ‍ॅनिमल एथिक्स कमिटीपुढे फॉर्म बी (प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज) ठेवला तर तिथे तीन प्रश्न आले आणि माझी वाचाच बसली. एक, तोंडावाटे किंवा पोटात देता येतं तर पाठीत का टोचताय. दोन, पाय उचलला नाही म्हणजे दुखणं थांबलं की पायच लुळा पडला हे कसं ओळखणार. तीन, औषध कशात विरघळवणार आणि त्या द्रावणाने मज्जारज्जूला काही होत नाही ना. गाईड म्हणतात पेपर आहेत, रेफरन्स टाक, सुटशील. पण मला स्वतःलाच उत्तरं माहीत नाहीत हो. करक्युमिन पाण्यात विरघळत नाही म्हणून डीएमएसओ नावाच्या रासायनिक द्रावकात करायचं ठरलंय, शंभर टक्के, कारण त्यात लगेच विरघळतं.

मेलेल्या रॅटवर सुई घालायची प्रॅक्टिस चालू आहे. हात थरथरतो, ते वेगळंच. कुणी केलंय का हे? मराठीतच लिहा प्लीज, इंग्लिश पेपर वाचून वाचून डोकं बधिर झालंय.

उंदीरवाली_ताई

अरे बाळा, तिन्ही प्रश्न बरोबर आहेत आणि दुसरा तर लाखमोलाचा आहे. मी पीएचडीत चार वर्षं हेच केलंय त्यामुळे जरा लांबड लावते, चहा घेऊन बस.

आधी पाठीतच का ते. पाठीत देऊन बघायचं कारण एकच असावं, की औषध मज्जारज्जूवरच काम करतं का हे तुला सिद्ध करायचंय, किंवा ते रक्तातून तिथपर्यंत पोचतच नाही. १९७६ साली याक्श आणि रूडी यांनी रॅटच्या मानेमागून, कवटीच्या बुडाशी जी पातळ पडदा असलेली जागा असते तिथून बारीक प्लॅस्टिकची नळी आत सरकवून खाली कमरेपर्यंत नेली आणि त्यातून मॉर्फिन सोडलं. तोवर अफूची औषधं मेंदूवर काम करतात असंच सगळे धरून चालले होते, या प्रयोगाने कळलं की नुसत्या मज्जारज्जूवर दिलं तरी दुखणं थांबतं. प्रश्नच असा होता की नळी घातल्याशिवाय उत्तर मिळालंच नसतं. आता तुझा प्रश्न काय आहे? 'करक्युमिनने दुखणं कमी होतं का' एवढाच असेल तर पाठीत जायची गरज नाही, पोटात दे. कमिटीला हेच ऐकायचंय.

दुसरा प्रश्न. व्हॉन फ्रे म्हणजे काय करतो आपण, जाळीवर रॅट ठेवतो, अर्धा तास शांत होऊ देतो, खालून वेगवेगळ्या जाडीच्या तारा तळव्याला लावतो आणि वाकेपर्यंत दाबतो. धडधाकट रॅट १५ ग्रॅमपर्यंत ढिम्म असतो, नस बांधलेला ४ ग्रॅमच्या आतच पाय झटकतो, चाटतो सुद्धा. औषध दिल्यावर परत १५ ला गेला की आपण ग्राफ काढून मोकळे, दुखणं गेलं! पण तू त्याच जागी लिडोकेन (बधिर करणारं भुलीचं औषध) सोडलंस तरी तो पाय उचलणार नाही. कसा उचलेल, मागचे दोन्ही पाय फरफटत चाललेत. उलट नळी बरोबर जागी बसली का हे बघायला आम्ही मुद्दाम २ टक्के लिडोकेन सोडून बघायचो, पाय लुळे पडले आणि थोड्या वेळाने परत आले की नळी जागेवर आहे. मग विचार कर, जो निकाल भूल दिल्यावर येतो तोच निकाल तू औषधाचा गुण म्हणून मांडणार, तर मधला फरक कोण दाखवणार? त्यासाठी रोटारॉड लागतो, फिरत्या दांड्यावर रॅट किती वेळ टिकतो ते औषधाआधी आणि नंतर मोजायचं. शिवाय उजव्या म्हणजे चांगल्या पायाचाही आकडा दरवेळी घ्यायचा, आणि हे मोजणाऱ्याला कुठल्या रॅटला काय दिलंय हे माहीत नसलं पाहिजे. तूच टोचणार तूच मोजणार असं करू नको, मित्राला पकड.

बरं एवढं करूनही पाय उचलणं हे 'टोचल्यावर दुखणं' झालं. नसेचं दुखणं असलेल्या माणसाला काही न टोचताही दुखतं की. त्याचं काय? २००९ मध्ये अमेरिकेत पोरेका यांच्या गटाने एक छान युक्ती केली. दोन वेगवेगळे कप्पे, एकात रॅटला मज्जारज्जूत क्लोनिडिन हे दुखणं कमी करणारं औषध मिळतं, दुसऱ्यात नुसतं सलाईन. नंतर मोकळं सोडलं तर नस बांधलेला रॅट क्लोनिडिन मिळालेल्या कप्प्यात जाऊन बसतो, धडधाकट रॅटला त्याचं काही पडलेलं नसतं. म्हणजे त्याला तिथे बरं वाटलेलं असतं, दुसरं काय. आणि त्यातच अ‍ॅडिनोसिन दिलं तर तार टोचल्यावर पाय उचलणं थांबलं पण तो कप्पा काही त्याला आवडला नाही! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझे दीड वर्षाचे व्हॉन फ्रेचे आकडे समोर पडले होते आणि मला रडायलाच आलं होतं.

तिसरा प्रश्न. शंभर टक्के डीएमएसओ मज्जारज्जूत? नको रे. डीएमएसओ स्वतःच नसांवर परिणाम करतं, मग औषधाने झालं का द्रावणाने हे कुणाला कळणार. रॅटला १० मायक्रोलिटर द्यायचं आणि मागून तेवढंच सलाईन, थेंबसुद्धा नाही हा, पण रॅटच्या अख्ख्या मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं पाणी मिळून पाव मिलिलिटरच्या आसपास असतं, त्या हिशोबात १० म्हणजे बरंच झालं. सलाईनमध्ये विरघळत नसेल तर ते औषध या वाटेचं नाही असं मी तरी म्हणेन.

चिंगुळी

हळदीचं दूध माहीत होतं, हळदीचा मणका पहिल्यांदाच ऐकला 😄

बाकी ताईंचा प्रतिसाद वाचनखूण साठवली आहे.

भुलोबा_कोल्हापूर

मी माणसांच्या पाठीत रोज सुया घालतो, भूलतज्ज्ञ आहे, उंदरांचा अनुभव शून्य. पण दुसऱ्या प्रश्नावरून एक जुनी गोष्ट आठवली ती सांगतोच.

१८८५ साली न्यूयॉर्कला कॉर्निंग नावाच्या डॉक्टरने एका कुत्र्याच्या पाठीत मणक्यांच्या मधे कोकेन टोचलं, थोड्याच मिनिटांत कुत्र्याचे मागचे पाय लटपटायला लागले. ती या सगळ्या प्रकरणाची सुरुवात. सुई नेमकी कुठे पोचली होती यावर आमच्यात अजून वाद आहेत, बहुतेक मज्जारज्जूच्या आवरणाच्या बाहेरच. मग १८९८ ला जर्मनीत कील गावी बियर यांनी माणसांत व्यवस्थित केलं, आणि स्वतःवर करून बघताना सिरींज नीट बसली नाही म्हणून मज्जारज्जूभोवतीचं पाणीच गळून गेलं, मग असिस्टंट हिल्डेब्रांट म्हणाला माझ्यावर करा. त्याला टोचून झाल्यावर नडगीवर लोखंडी हातोडी मारून बघितली, सिगार टेकवून बघितला, काही कळलं नाही म्हणे. दुसऱ्या दिवशी दोघांचीही डोकी ठणकत होती. तर सांगायचं काय, कुत्र्याचे पाय गेले हे डोळ्याला दिसतं, पण त्याला संवेदना होती का नव्हती हे कुत्रा बोलणार नाही, हिल्डेब्रांट बोलला.

द्रावणाबद्दल तर आमच्या क्षेत्रात रक्ताने लिहिलेला धडा आहे. क्लोरोप्रोकेन नावाचं भुलीचं औषध, १९८० च्या सुमारास ते चुकून आवरणाच्या आत गेलेल्या काही पेशंटांना पायांची कायमची कमजोरी आली. त्यावर सशांवर प्रयोग झाले आणि ठपका आला औषधाबरोबरच्या सोडियम बायसल्फाईट या प्रिझर्व्हेटिव्हवर आणि द्रावणाच्या आम्लतेवर. झालं, वीस वर्षं सगळे तेच शिकलो, परीक्षेत लिहून पासही झालो. २००४ ला ड्रास्नर यांच्या लॅबने रॅटवर परत करून बघितलं तर नुकसान करणारं क्लोरोप्रोकेनच निघालं, बायसल्फाईट उलट थोडं वाचवतच होतं! म्हणजे एका प्राण्यावरच्या प्रयोगाने एक सांगितलं, दुसऱ्याने उलटं. आता तेच औषध प्रिझर्व्हेटिव्हशिवाय, कमी डोसमध्ये छोट्या ऑपरेशनला पाठीत वापरतात आणि छान चालतं. त्यामुळे तुझ्या कमिटीतल्या ज्या कुणी तिसरा प्रश्न विचारला त्यांना माझा नमस्कार सांग.

अजून एक, मॉर्फिनचा पंप लावलेल्या पेशंटांमध्ये नळीच्या टोकाशी गाठ तयार होते, ती मज्जारज्जू दाबते. कुत्र्यांवर आणि मेंढ्यांवर मुद्दाम बघितलं तेव्हा कळलं की औषध किती दाट आहे यावर बरंच अवलंबून आहे. एकदा टोचून तासाभरात पाय मोजणाऱ्या प्रयोगात हे कधीच दिसलं नसतं. तुझ्या प्रोजेक्टमध्ये शेवटी मज्जारज्जू काढून हिस्टोपॅथॉलॉजी (सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी) आहे का? नसेल तर घाल.

सोनटक्का

मी सायन्सवाली नाही, शिक्षिका आहे. वाचता वाचता थांबवेना म्हणून लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या आईला दोन वर्षांपूर्वी नागीण झाली, छातीवर डाव्या बाजूला. पुरळ गेलं पण दुखणं राहिलं. तिला पदराचा स्पर्श सहन होत नाही, ब्लाऊज सैल शिवून घेतलेत, पंख्याचा वारा लागला तरी चटका बसल्यासारखं करते. इथे लिहिलंय ना तारेने टोचलं की रॅट पाय झटकतो, अगदी तशी ती झटकते हो. म्हणून एकीकडे वाटतं करा लवकर प्रयोग आणि काढा औषध. आणि दुसरीकडे धडधाकट जिवाची नस मुद्दाम बांधायची, त्याला माझ्या आईसारखं करायचं, आणि एवढं करून तो प्रयोग एका पोराच्या डिग्रीसाठी, कदाचित कुणी वाचणारही नाही असा, हे मला पटत नाही. ओपीला (धागा काढणाऱ्याला) लागेल असं बोलायचं नव्हतं पण मनात आलं ते लिहिलं.

आणि एक विचारायचं होतं, आमच्या ओळखीच्या एकांनी सांगितलं की पाठीत स्टिरॉईडचं इंजेक्शन घेतलं की नागिणीचं दुखणं जातं. खरं का?

भुलोबा_कोल्हापूर

@सोनटक्का ताई, हे कुठून आलं ते सांगतो. २००० साली जपानातला एक मोठा अभ्यास आला, पावणेतीनशेच्या वर पेशंट, नागिणीनंतरचं जुनं दुखणं, मज्जारज्जूच्या पाण्यात मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉईड आणि लिडोकेन, आणि निकाल एवढा चांगला की आम्ही सगळे चाटच पडलो. पण तसाच निकाल बाकीच्यांना काही मिळेना. नेदरलँड्समध्ये करून बघितलं तर १० पेशंटांनंतरच थांबवावं लागलं, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत होतं, तो पेपर २०१३ चा. त्यामुळे आवरणाच्या आत स्टिरॉईड असं कुणी सुचवलं तर लगेच हो म्हणू नका, दुसरं मत घ्या. आवरणाच्या बाहेर देतात ते एपिड्युरल वेगळं, लोक दोन्हीला 'पाठीतलं इंजेक्शन'च म्हणतात म्हणून घोळ होतो.

आईंना गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, लिडोकेनचा पॅच यातलं काय काय देऊन झालंय? डोस पुरेसा वाढवला होता का? बरेचदा झोप येते, चक्कर येते म्हणून पेशंट अर्ध्यातच सोडतात आणि 'गुण आला नाही' म्हणतात. वय जास्त असेल तर हळूहळूच वाढवायचं असतं. पेन क्लिनिक असलेल्या डॉक्टरला एकदा दाखवा, इथे ऑनलाईन डोस सांगणार नाही.

गोठ्यातला_डॉक्टर

व्हेट आहे, आणि एका कमिटीवर बाहेरचा मेंबर म्हणूनही बसतो, तुझ्या कॉलेजच्या नाही, घाबरू नको.

सोनटक्का ताईंचा मुद्दा भावनिक म्हणून सोडून देऊ नका लोकहो, कायद्यात तोच आहे. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, त्याखाली १९९८ चे प्रयोगांचे नियम आणि वर केंद्राची सीसीएसईए (पूर्वीचं सीपीसीएसईए), सगळ्याचं मूळ हेच की दुसऱ्या मार्गाने उत्तर मिळत असेल तर प्राणी वापरू नका. रॅट, माऊससाठी कॉलेजची कमिटी परवानगी देऊ शकते, कुत्र्यासारखा मोठा प्राणी असेल तर प्रकरण दिल्लीला जातं. माझ्यापुढे फॉर्म येतात त्यात 'प्राण्यांना वेदना होतील का' या रकान्यात लोक 'नाही' लिहितात. अरे, विषयच वेदना आहे! असा फॉर्म मी तिथल्या तिथे परत करतो.

मी काय बघतो ते सांगतो. टाके घालताना भूल कोणती, किती. नंतर रोज कोण बघणार, रविवारी आणि गणपतीच्या सुट्टीत सुद्धा. नस बांधलेले काही रॅट स्वतःच्याच पायाची बोटं कुरतडतात, तसं सुरू झालं की तो रॅट प्रयोगातून काढून लगेच शांतपणे मारायचा, 'डेटा पूर्ण होईपर्यंत' ठेवायचा नाही, हे लेखी हवं. नळी घालताना मज्जारज्जूला धक्का लागून मागचे पाय गेले तर त्यालाही तेच. पिंजऱ्यात मऊ बिछाना हवा, दुखऱ्या पायाखाली कडक जाळी चोवीस तास नको. आणि संख्या, एका गटात सहाच का, 'सगळे सहाच घेतात' हे उत्तर नाही, गणित दाखव. कमी घेतले आणि काहीच सिद्ध झालं नाही तर ते सगळे फुकट गेले, जास्त घेतले तर जास्तीचे फुकट गेले.

सुईबद्दल. एकदाच द्यायचं असेल तर नळीच्या भानगडीत पडू नको. १९८० मध्ये हिल्डन आणि विल्कॉक्स यांनी माऊसमध्ये दाखवलं तसं कमरेच्या पाचव्या सहाव्या मणक्यांच्या मधून बारीक सुई घालायची, बरोबर जागी गेली की शेपटी एकदम बाजूला झटकते, ती खूण. माऊसला ५ मायक्रोलिटर. आणि हात थरथरतो म्हणालास, ते चांगलं लक्षण आहे, पण थरथर जाईपर्यंत जिवंत जनावराला हात लावू नको. मेलेल्यात निळा रंग सोड, पाठ उघडून बघ कुठे पसरला. सलग दहा बरोबर आले की मग बोल.

उंदीरवाली_ताई

व्हेटसाहेबांना +१. माझ्या वेळी असा मेंबर असता तर बरं झालं असतं.

रॅटवर चाललं आणि माणसात काय झालं यावर एक राहिलंच. शंखातल्या गोगलगायीचं विष, कोनस मॅगस, फिलिपिन्सच्या समुद्रातली, त्यातून झिकोनोटाईड आलं. हे खरं पाठीतलंच औषध, शिरेतून दिलं तर बीपी पडतं आणि मज्जारज्जूपर्यंत धड पोचतही नाही, म्हणजे तुझ्या पहिल्या प्रश्नाला हे औषध स्वतःच उत्तर आहे. रॅटमध्ये नसेच्या दुखण्यावर झकास चाललं, २००४ च्या डिसेंबरात अमेरिकेत मंजूरही झालं. रॅटमध्ये अंग थरथरणं, शेपटी सापासारखी वळवळणं दिसलं होतं. माणसात काय, तर गोंधळल्यासारखं होणं, भास होणं, आणि सुरुवातीच्या ट्रायल्समध्ये डोस भराभर वाढवल्याने हे फारच झालं, मग अगदी थोड्यापासून हळूहळू वाढवायचं ठरलं. आता रॅटला भास होत असतील तर तो कुणाला सांगणार? आणि उलटंही झालंय, सबस्टन्स पी (वेदनेचा निरोप नेणारं शरीरातलं रसायन) अडवणारी औषधं प्राण्यांमध्ये दुखणं थांबवायची, माणसांत दुखण्यावर एकामागून एक फेल गेली.

आणि करक्युमिनबद्दल जाता जाता. शरीराच्या तापमानाला आणि पीएचला नुसत्या बफरमध्ये ठेवलं तर अर्ध्या तासात नव्वद टक्के मोडून जातं. शिवाय ज्या कुठल्या टेस्टमध्ये टाकाल तिथे खोटंच 'चाललं' दाखवतं, केमिस्ट लोकांनी अशा पदार्थांच्या गटाला इंग्रजी आद्याक्षरांवरून नाव दिलंय 'पेन्स' (PAINS, म्हणजे वेदनाच), आपल्या विषयाला काय शोभतंय बघ. गाईडना २०१७ चा करक्युमिनच्या मेडिसिनल केमिस्ट्रीवरचा रिव्ह्यू वाचायला दे, पण रागावतील तेव्हा माझं नाव सांगू नको.

सोनटक्का

भुलोबा सर, आई गॅबापेंटिन घेत होती, चक्कर येते म्हणून तिनेच महिन्याभरात सोडलं, तुम्ही अगदी तेच लिहिलंत. उद्याच फोन करते डॉक्टरांना. आणि व्हेटसाहेब, थँक्यू. रविवारी कोण बघणार हे विचारणारं कुणीतरी आहे हे कळून बरं वाटलं.

फार्मसीवाला_नगर

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, चार दिवस उत्तर दिलं नाही कारण गाईडशी बोलायची हिंमत गोळा करत होतो.

आज बोललो. आधी चिडले, म्हणाले सिनॉप्सिस युनिव्हर्सिटीत गेलंय आता काय बदलतोस. मग मी क्लोरोप्रोकेनची स्टोरी सांगितली तर खुर्चीत मागे टेकून ऐकत बसले, त्यांनीही परीक्षेत बायसल्फाईटच लिहिलं होतं म्हणे 😅 शेवटी ठरलं असं की पाठीतलं कॅन्सल. पोटातून द्यायचं, करक्युमिन ठेवायचं का दुसरं काही घ्यायचं यावर सोमवारी परत बसणार आहोत, गॅबापेंटिनचा गट तुलनेला, द्रावणाचा वेगळा गट, मोजणारा माझा रूममेट ज्याला काहीच माहीत नसेल (तसंही त्याला काहीच माहीत नसतं). बोटं कुरतडली तर काय करायचं ते लेखी टाकलंय, रविवारची ड्यूटी माझी आणि अ‍ॅनिमल हाऊसच्या काकांची आलटून पालटून. वेदनेच्या रकान्यात 'होय' लिहिलंय.

सोनटक्का ताई, लागलं नाही. खरं तर मीही तेच मनात धरून बसलो होतो म्हणूनच हात थरथरत असेल.

आता एकच अडचण. आमच्या लॅबचा रोटारॉड फिरतो पण रॅट पडल्यावर टायमर थांबत नाही, २०१९ पासून तसाच आहे असं काका म्हणतात. नगर, पुणे, नाशिक साईडला कुणाच्या कॉलेजात चालू स्थितीतला असेल तर दोन आठवडे वापरायला मिळेल का? रॅट घेऊन यायचे का मशीन घेऊन जायचं हेही सांगा, रॅट हलवायला परत परवानगी लागते ना?

गोठ्यातला_डॉक्टर

लागते. मशीन हलव, रॅट नको. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.